कॅमेरा उघडला की मी विसरतो

मी एक जुना मोबाइल आहे, कमी मेमरीचा, आणि मला त्याची लाज वाटत नाही. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, ही रडकथा नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मीही चकचकीत होतो. पहिल्या मालकाने काही दिवस मिरवलं आणि मग उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका दुकानात विकून टाकलं. तिथून हिमानीने मला उचललं. ती बदलापूरच्या एका छोट्या ऑफिसात ॲप तपासते. मला आडवं करायचं, उभं करायचं, मध्येच दुसरं ॲप उघडायचं आणि परतल्यावर आधीची स्क्रीन जशीच्या तशी आहे का ते बघायचं, हे आमचं रोजचं काम. मला ते मनापासून आवडायचं.

यंदा अंगणवाडीतल्या बाळांची वजनं नोंदवायचं ॲप आलं. हिमानीने माहिती भरली, मला आडवं केलं आणि सगळं पुसलं गेलं. ॲप लिहिणाऱ्या यज्ञेशने झटक्यात उपाय काढला: स्क्रीन आडवी होऊच द्यायची नाही! ऑफिसात टाळ्या वाजल्या. मी मनात म्हटलं, थांबा जरा.

दुसऱ्या दिवशी हिमानीने नाव भरलं, वजन भरलं आणि बाळाच्या फोटोसाठी कॅमेरा उघडला. माझ्याकडे जागा ती केवढी! कॅमेरा आत आला की मागचं ॲप मला बाहेर काढावंच लागतं. ती परत आली तर स्क्रीन कोरी.

"हा डब्बा भंगारात टाक यार," यज्ञेश वैतागला. "माझ्या फोनवर एकदम मक्खन चालतंय. सोमवारी द्यायचंय ॲप."

"सर, बारवी धरणाकडच्या पाड्यांवर असलेच डब्बे आहेत," हिमानी म्हणाली. "तिथल्या सेविका कौसाबाई रडणारं पोर काट्यावर ठेवणार, वजन भरणार, फोटो काढणार, आणि नोंदच गायब? अशक्त पोर कळणार कसं मग?"

"अजून एकदा फेल झाला ना, मीच देतो याला भंगारात."

घाबरलो मी, का खोटं बोलू? पण चालल्याचं सोंग मला जमत नाही, आणि जमवायचंही नाही. हिमानीने मला त्याच्याच हातात दिलं. "सर, तुम्ही भरा." त्याने सगळे रकाने भरले, फोटो काढला, परत आला. कोरं!

मग मला बाजूला ठेवून त्याने खुर्ची पुढे ओढली आणि कामाला लागला.

सोमवारी ॲप गेलं नाही, गुरुवारी गेलं. आता ते बाहेर पडण्याआधी भरलेलं सारं जपून ठेवतं आणि परतल्यावर जिथल्या तिथे मांडतं. मी मात्र तसाच आहे. कॅमेरा उघडला की अजूनही मागच्या ॲपला हाकलतो.

काल यज्ञेशने नवं काम उघडलं आणि पहिली हाक मारली, "हिमानी, तो डब्बा कुठेय?"

मित्रांनो, तुमच्या खणात माझा एखादा भाऊ पडला असेल तर त्याला बाहेर काढा, काच पुसा, चार्जिंगला लावा. कीव मात्र करू नका. आणा तुमचं नवं ॲप. बघू, मी विसरल्यावर त्याच्या किती लक्षात राहतं.