समोरचा एकटा चौकोन

त्या दिवशी मी एका घरात ओट्याखाली आडवा होतो. बेसिनचा पाइप तुंबला होता, हात काळे झाले होते आणि खिशात फोन वाजत होता. दोनदा मी तो वाजू दिला. तिसऱ्यांदा घरमालकीणच म्हणाली, "घ्या हो, कोणाचं तरी काही अडलं असेल." फोन माझ्या बायकोच्या शाळेतल्या शिपायाचा होता. "बाईंना बरं वाटत नाहीये, तुम्ही या," एवढंच म्हणाला. मला वाटलं, पित्त झालं असेल, उपाशीपोटी शाळेत जायची तिला सवयच होती. मी पाइप जोडला, पाणी सोडून गळत नाही ना ते बघितलं आणि मगच निघालो. त्याने काही फरक पडला नसता असं डॉक्टर म्हणाले, तरी ती वीस मिनिटं मला अजून टोचतात.

शाळेच्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांच्या खोलीत मला कोणी काही सांगितलं नाही. त्यांनी खणातून एक चष्मा काढला आणि माझ्या हातात दिला. माझ्या बायकोचा. चष्म्याशिवाय तिला फळ्यावरचं स्वतःचं अक्षरही दिसत नसे. तो चष्मा त्यांच्या खणात आहे आणि ती कुठेच दिसत नाही, तेव्हा मला कळलं.

तिने एकतीस वर्षं चौथीच्या वर्गाला शिकवलं. मी प्लंबर, शाळा सातवीत सोडलेला. माझ्या पावत्यांवर ती लाल पेनाने खुणा करायची आणि खाली "छान प्रगती" असा शेरा मारायची. एकदा चुकून तीच पावती गिऱ्हाइकाला गेली. त्याने पैसे तर दिलेच, वर मला विचारलं, "वर्गात कितवा नंबर आला?"

आता मूळ गोष्ट सांगतो. आमच्या स्वयंपाकघरात साखर-चहाचं कपाट आहे. त्याच्या दाराला आतल्या बाजूने तिने जुन्या कॅलेंडरचं पान उलटं चिकटवलं होतं आणि त्यावर पेन्सिलीने तिच्या वर्गाचा नकाशा काढला होता. बाकांच्या सहा रांगा. प्रत्येक मुलाला एक चौकोन. चौकोनात मुलाचं नाव नसायचं, त्याची गरज असायची, एकदोन शब्दांत. खोकला. भागाकार. नवी आई. झोप. रबर चोरतो. रोज सकाळी मी चहा ठेवायचो आणि ती कपाटाचं दार उघडून उभी राहायची. एकेका चौकोनावर बोट ठेवायची आणि मनातल्या मनात प्रार्थना करायची. फक्त ओठ हलायचे. चहा उकळेपर्यंत एक रांग. सोमवार ते शनिवार सहा रांगा, रविवारी चर्चमध्ये उपासना.

मी एकदा म्हणालो, "अगं, देवाला नकाशा कशाला? त्याला पत्ता माहीत असेल की."

"त्याला नाही लागत, मला लागतो," ती म्हणाली. "नकाशा नसला की मी गोड मुलांसाठीच मागत बसते. बाकीची राहतात."

ती गेल्यावर घरात माणसं होती तोवर चहा दुसरं कोणीतरी करायचं. सगळे गेल्यावर पहिल्या सकाळी मी साखरेसाठी कपाट उघडलं, तर नकाशा समोर. सोमवार होता. पहिली रांग. आता ही मुलं कोणाकडे जाणार, असं मनात आलं. म्हणून मीच बोट ठेवलं.

मला प्रार्थना येत नाही असं नाही. पण माझी प्रार्थना म्हणजे गिऱ्हाइकाने तक्रार नोंदवावी तशी. "देवबापा, तिसरी रांग, खिडकीजवळ, खोकला. बघून घे." आमेन, की पुढचा चौकोन.

एक चौकोन मात्र रांगांच्या बाहेर होता. सगळ्यांच्या समोर, एकटाच. त्यात लिहिलं होतं, "धीर". बाकीचे शब्द ती खोडायची, बदलायची, तो शब्द मी कधी बदललेला बघितला नव्हता. आणि तिचं बोट रोज आधी तिथेच जायचं, हे मी चहा ढवळताना पाहिलेलं. मला वाटलं, कोणीतरी खोडकर पोरगा असणार, नजरेसमोर राहावा म्हणून एकटा पुढे बसवलेला. मी स्वतः तसल्या बाकावर दोन वर्षं काढली आहेत. त्यामुळे त्याच्याबद्दल मला जरा जास्तच वाटायचं. रोज सगळ्यांच्या आधी मी त्याच्यासाठी मागायचो. "तो समोर एकटा बसलाय, त्याला धीर दे. मार बसला असेल तर विसरायला लाव."

असे दोन महिने गेले.

मग एका शुक्रवारी शिपायाचा फोन आला. "चौथीच्या वर्गाबाहेरचा नळ गळतोय, तुम्ही याल का? की दुसरा कोणी बघू?" जायची इच्छा नव्हती. पण तो नळ मीच बसवलेला, दुसऱ्याचा पान्हा त्याला लागावा हेही बरं वाटेना. निघताना मी नकाशा अलगद सोडवला आणि घडी करून खिशात टाकला. रोज ज्यांची शिफारस करतो, त्यांची तोंडं तरी बघावी म्हटलं.

नळाशी बसून मी खिडकीतून आत पाहिलं. तिसऱ्या रांगेत खिडकीजवळ एक चांगली गुटगुटीत मुलगी बसली होती आणि मागच्या मुलावर अशी ओरडत होती की खोकल्याची तिच्या छातीत शिरायची हिंमत झाली नसती. समोर एकटा बाक कुठेच नव्हता.

मधली सुट्टी झाली. मुलं बाहेर धावली. त्यांच्या मागून नव्या बाई आल्या. वय पंचविसाच्या आतबाहेर, हात खडूने पांढरे, डोळे लाल.

"काका, पाणी बंद केलंत का?"

"दोन मिनिटं, बाई. वायसर बदलतोय."

"डोळ्यात खडू गेला," त्या म्हणाल्या. मी विचारलं नव्हतं.

"हो, खडू वाईटच."

त्या कट्ट्यावर टेकल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुम्ही किती वर्षं करताय हे काम?"

"चाळीस होतील."

"सोडून द्यावंसं नाही वाटलं कधी?"

"थंडीत रोज वाटतं. गार पाण्यात हात घातला की पहिला विचार तोच."

त्या हसल्या, पण ते काही टिकलं नाही. "मी सोमवारी सोडणार आहे. मोठ्या बाई रजेवर आहेत, त्या आल्या की पत्र देणार. लिहून तयार आहे."

"एवढं काय झालं?"

"माझ्याआधी इथे एक बाई होत्या. वारल्या. देवमाणूस होत्या म्हणे. मी नुसता खडू धरला तरी मुलं म्हणतात, आमच्या बाई असा नाही धरायच्या. बाकं बदलली तर एक मुलगी दोन दिवस रडत होती. आता त्यांच्या जागी स्वर्गातून देवदूत आणून उभा केला, तरी ही पोरं म्हणतील, आमच्या बाईंना पंख नव्हते!"

मी हसलो. असा हसलो की पान्हा हातातून निसटून गटारात पडला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच हसलो. मग सांगावंच लागलं. "त्या बाई माझी बायको."

त्यांचा चेहरा खडूसारखा झाला. "काका, माफ करा हो. मला खरंच माहीत नव्हतं."

"माफी कसली? पंखांचं तिला फार आवडलं असतं. आणि देवमाणूस वगैरे कोणी सांगितलं तुम्हाला? नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिनेही पत्र लिहिलं होतं. मी शाळेच्या टाकीच्या कामाला निघालो होतो, तर माझ्याकडेच दिलं, म्हणाली, मोठ्या बाईंना द्या, मला त्यांचं तोंड बघवणार नाही. मी ते हत्यारांच्या पिशवीत टाकलं आणि विसरलो."

"विसरलात?"

"साफ. चौथ्या दिवशी तिने विचारलं, दिलंत का? मी पिशवी धुंडाळली. पिशवीच्या तळाशी सापडलं, भिजून लगदा झालेला. म्हटलं, आता आपलं काही खरं नाही. तर ही खाली बसली, रडली, मग हसायला लागली. म्हणाली, अहो, बरं झालं. आज त्या अडून बसलेल्या पोरीला भागाकार जमला. तेव्हापासून मी काहीही विसरलो की ती आधी देवाचे आभार मानायची आणि मग माझी खरडपट्टी काढायची."

आता त्या मोकळ्या हसल्या. मी खिशातून नकाशा काढला आणि कट्ट्यावर पसरला. काय आहे ते सांगितलं. त्या वाकून बघत राहिल्या.

"हा खोकला म्हणजे तो बारीक मुलगा असणार. पूर्वी इथे बसायचा म्हणे. मी त्याला दुसऱ्या रांगेत नेलं. त्याचा खोकला कधीच गेला."

"म्हणजे मी दोन महिने भलत्याच मुलीच्या खोकल्यासाठी मागतोय?"

"तिला खोकला झाला नाही एवढं खरं," त्या म्हणाल्या.

"आणि हा समोरचा मुलगा? त्याला कुठे बसवलंत? मला आत दिसला नाही."

"कोणता मुलगा?"

मी बोट ठेवलं. त्यांनी चौकोन पाहिला, वर्गाच्या दाराकडे पाहिलं, परत कागद पाहिला. "काका, हे बाक नाही. हे टेबल आहे. बाईंचं." मग जरा थांबून म्हणाल्या, "आता माझं."

माझ्या हातात वायसर होता, तो मी नुसताच फिरवत राहिलो. म्हणजे एकतीस वर्षं ती रोज सकाळी आधी स्वतःसाठी धीर मागत होती. आणि मी दोन हात अंतरावर उभा राहून म्हणत होतो, "झालं का? चहा निवतोय." तिला कधी धीर कमी पडत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आत वर्गात मुलं आणि बाहेर आम्ही सगळे समजत होतो की तिच्याकडे तो टाकीभर आहे. ती रोजचा रोज भरून नेत होती.

मला वाईट वाटलं, पण त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट लक्षात आली, ती मी बोलून दाखवली. "मग गेले दोन महिने मी रोज तुमच्यासाठीच मागतोय."

"माझ्यासाठी?"

"रोज. सगळ्यांच्या आधी. मी मुलगा समजत होतो एवढंच. मार बसला असेल तर विसरायला लाव, असंही सांगायचो."

त्यांनी रुमालात तोंड घातलं. मग रुमालातूनच म्हणाल्या, "तेही चालेल." नाक पुसून म्हणाल्या, "मला वाटत होतं, या शाळेत माझं म्हणून एक माणूस नाही."

"आता मला नवा नकाशा काढून द्या," मी म्हणालो. "नाहीतर मी अशीच गल्ली चुकत राहणार."

त्यांनी वहीचं मधलं जोडपान काढलं आणि चौकोन आखले. मग एकेक भरायला लागल्या. याला लांबचं दिसत नाही, घरी सांगत नाही. ही सगळं येऊनही हात वर करत नाही. याचे वडील परगावी आहेत. हिची मैत्रीण शाळा सोडून गेली. पेन्सिल थांबत नव्हती. "आमच्या बाई असं नाही करायच्या" म्हणणाऱ्या मुलीच्या चौकोनात त्यांनी लिहिलं, "आठवण". आणि मला म्हणाल्या, "तिला माझा राग नाहीये, नाही का?" मी म्हणालो, "तेच दुखणं आमच्या घरीही आहे."

घंटा झाली तेव्हा पाच चौकोन रिकामे होते.

"ही पाच जणं गप्प बसतात, काका. यांचं मला काहीच कळलेलं नाही. बघावं लागेल. पुढच्या आठवड्यात सांगते."

पत्र द्यायचा सोमवार पुढच्याच आठवड्यात होता. मी गटारातून पान्हा काढला आणि नळ सुरू करून दिला. त्यांनी हात धुतले, वर्गात गेल्या आणि परत बाहेर आल्या. हातात एक बंद पाकीट होतं.

"काका, पिशवी तीच आहे का?"

"पट्टा बदललाय. बाकी तीच."

"मग हे ठेवा. आणि विसरा."

मी ते तळाशी, पाइप-टेपच्या रिळाखाली ठेवलं.

याला आता सहा आठवडे झाले. आमच्या पाळकांनी सांगितलं म्हणून हे लिहिलं, कारण मंडळीत शिक्षक बरेच आहेत. उपदेश करायला मी कोण? पण तुमच्या घरी सकाळी कोणी चहा करत असेल, तर तुमच्या चौकोनात काय लिहिलंय ते त्याला एकदा सांगा. आम्ही गाढव असतो, आम्हाला आपोआप कळत नाही. मला ते उशिरा कळलं, आणि कळलं तेही वाया गेलं नाही, याबद्दल मी रोज सकाळी आभार मानतो. मग पातेलं चढवतो.

नवा नकाशा कपाटाच्या दारावर आहे. समोरच्या चौकोनात "धीर" मी माझ्या अक्षरात लिहिलाय. जुना घडी करून तिच्या चष्म्याजवळ ठेवलाय. मधे शिपायाच्या हातून नव्या बाईंच्या तीन चिठ्ठ्या आल्या, तीन चौकोन भरले. दोन अजून रिकामे आहेत.