तिसरी सही

"परत तिसरा रकाना?" अकोसुआनं कागद टेबलावर आपटला. "इंद्रनील, आता हद्द झाली हं!"

घानातल्या नव्या कारखान्यासाठी गोळ्या बनवायचं तंत्र शिकायला ती आपली अठरा माणसं घेऊन आयर्लंडमधल्या रिंगास्किडीच्या औषध कंपनीत आली होती. शिकवणारा इंद्रनील. गोळ्यांच्या प्रत्येक बॅचच्या नोंदीवर दोन सह्या लागतात, करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. घानाच्या नमुना कागदावर त्यानं तिसरी घातली होती, बाहेरच्या देशातल्या निरीक्षकाची.

"काळजीपोटी केलंय गं. तुमच्याकडे वीज जाते, सरकारं बदलतात..."

"जनरेटर आहे आमच्याकडे. आणि सरकार आम्ही मतपेटीतूनच बदलतो! हा कागद पाहून दोन्ही पक्ष एकच म्हणणार, परदेशी माणूस लागणारच असेल तर औषधंच परदेशातून आणा. झालं! उघडायच्या आधीच कुलूप. या अठरा जणांना काय सांगू मी?"

सोमवारी कागद रवाना व्हायचे होते. इंद्रनील करवादतच घरी आला. आई, सरिताबाई, अंबाजोगाईहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. रविवारी जवळच्या कॉर्क शहरातल्या मराठी मंडळींपुढं त्यांचं कीर्तन होतं, म्हणून झांजा पुसत बसल्या होत्या.

"चांगलं करायला जावं तर या लोकांना कळतच नाही, आई!"

सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "त्यांच्या कामात चूक निघाली का रे?"

"नाही."

"एकही?"

"नाही म्हटलं ना!"

"मग तिसरी सही कशाबद्दल? रंगाबद्दल?"

"आई, काहीतरीच काय!"

सरिताबाईंनी झांजा खाली ठेवल्या. "तू इथं नवा होतास तेव्हा तुझा साहेब, तो फिनबार, तुझंच काम तेवढं दोनदा तपासायचा. 'भारतातला म्हणून माझ्यावर पहारा' असं म्हणत फोनवर तासतास चिडायचास. मी तिकडं देवापुढं बसून रडायचे. आता तूच फिनबार झालास की रे! परवा मी सर्वांभूती नारायण म्हणत घसा कोरडा करणार, अन् समोर बसलेला माझाच लेक मनात म्हणणार, घाना सोडून!"

इंद्रनीलनं झांजा उचलल्या अन् तो स्वतःच त्या पुसू लागला.

सोमवारी त्यानं अकोसुआसमोरच तो कागद काढला. कारखान्यात खाडाखोड चालत नाही. चुकीवर एक सरळ रेघ, शेजारी सही, तारीख आणि कारण. तिसऱ्या रकान्यावर रेघ सहज ओढली गेली. कारणापाशी पेन अडलं. मग त्यानं लिहिलं, 'पुरावा नव्हता. माझा पूर्वग्रह होता.'

अकोसुआ बघतच राहिली. "एवढं लिहायलाच हवं होतं?"

"कारण खरं लिहायचं, असा नियम आहे."

"ग्रँड!" इथल्या आयरिश लोकांसारखं 'झकास' म्हणत ती खळखळून हसली. "आता ये आमच्याकडे. पाहुणा म्हणून हं, तपासायला नाही!"

मंडळी, आपल्यावर कुणी विनाकारण शंका घेतली की आपला जीव किती तळमळतो! तीच शंका दुसऱ्या देशाच्या माथी मारताना मात्र आपण तिला काळजी म्हणतो. एखाद्या देशाचं भलं व्हावं असं खरंच वाटत असेल, तर आधी तिथल्या माणसाच्या सहीवर विश्वास ठेवू या. देवानं त्यालाही आपल्यासारखेच दोन हात दिलेत!