मिटणारी बाबागाडी

बायको गेल्याचं कळलं त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाच्या घरी कपाटाची दारं बसवत होतो. तिच्या ऑफिसातून फोन आला. जेवणाच्या सुट्टीत डोकं दुखतंय म्हणाली, बाकावर आडवी झाली, ती उठलीच नाही. एक दार बसलं होतं. दुसरं भिंतीला टेकवून मी निघालो.

मागे आम्ही तिघं राहिलो. थोरली चार वर्षांची, धाकटा आठ महिन्यांचा. धाकट्याला आम्ही बोका म्हणतो. तो खातो, झोपतो, आणि मधल्या वेळात ज्याच्याकडे खायला आहे त्याच्याकडे बघत बसतो.

तिची मोठी बहीण, आमच्या ताई, पहिल्याच आठवड्यात बोलल्या. बाई सरळ आहे, पोटात एक ओठात एक असं नाही. "मुलं माझ्याकडे द्या. पाळणाघर गावाच्या त्या टोकाला, तुमचं वर्कशॉप या टोकाला. दोन पोरं घेऊन रोज बस पकडायची, हे तुमच्याच्यानं व्हायचं नाही. ती करायची, पण ती खमकी होती."

"महिनाभर बघतो," मी म्हणालो.

"बघा. नाही जमलं तर पहिल्या तारखेला न्यायला येते. मग रुसून बसायचं नाही."

मी हो म्हणालो. मुलं गेली तर घरी परत यायला मला काही कारण उरणार नव्हतं. हे त्यांना सांगता आलं नाही.

कामावर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी मी बाबागाडी बघितली. मधले सांधे ढिले, ढकलली की खडखड. सुताराच्या घरात डुगडुगणारी वस्तू म्हणजे लाजच. मी दोन्ही सांध्यांत लांब स्क्रू पिळले, वर गोंदही लावला. मग स्वतः त्यात बसून बघितलं. थोरली हसून हसून लोळली. गाडी जागची हलली नाही. मी खूश.

दुसऱ्या दिवशी बस आली. बाबागाड्या उभ्या करायला बसच्या मध्ये जी मोकळी जागा असते ती आधीच भरली होती.

"दादा, गाडी मिटा आणि या," ड्रायव्हर म्हणाला.

मी कळ दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. मग माझ्या लक्षात आलं की मी काय करून ठेवलंय.

"मिटत नाही," मी म्हणालो.

"मिटत नाही? बाबागाडी आहे का कपाट?"

मागून कुणीतरी हसलं. मी खाली उतरलो आणि चालत निघालो. थोरली अर्ध्या वाटेत दमली, तिला खांद्यावर घेतलं. पाळणाघरात उशीर, कामावर त्याहून उशीर. मालकांनी घड्याळाकडे बघितलं. संध्याकाळी ताईंचा फोन आला. थोरलीनं सगळं रंगवून सांगितलं. फोन माझ्या हातात आला तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या, "अजून महिना जायचाय."

मी स्क्रू काढले, गोंद खरवडला आणि सागाच्या दोन खुंट्या तासल्या. खुंटी घातली की सांधा पक्का, ओढली की गाडी मिटते. जेवणाआधी काम झालं.

सकाळी तीच बस. जागा भरलेली. मी खुंट्या ओढल्या, पण गाडी मिटायला दोन हात लागतात आणि माझ्या एका हातावर बोका होता. थोरली शर्टाला लोंबकळत होती. मी गुडघ्यानं दाबून बघितलं, हनुवटीनं धरून बघितलं. बस उभी आणि सगळे माझ्याकडे बघतायत.

जुळ्यांची रुंद गाडी घेऊन एक बाई बसली होती. ती म्हणाली, "अहो, हा तर बोका. काल दारातून परत गेलात ते तुम्हीच का? गर्दीत दिसलंच नाही. आज आई कुठाय?"

"आई मेली," थोरली म्हणाली.

बाईनं डोळे पुसले आणि हात पुढे केले. "आणा इकडे त्याला."

"नको. जमेल मला."

"नाही जमत. कुणालाच जमत नाही. म्हणून तर आम्ही असं करतो. गाडी मिटायची तर पोर बसलेल्याच्या मांडीवर. तुमची बायकोही द्यायची, माझी पोरंही घ्यायची."

ती गेल्यापासून पाळणाघराच्या बाई आणि ताई सोडून त्याला मी कुणाच्या हातात दिलं नव्हतं. नजरेआड झालं की माणूस परत दिसत नाही, असं मनात बसलं होतं. ड्रायव्हर आरशातून बघत होता, पण हॉर्न वाजवला नाही.

"बाबा, दे ना," थोरली म्हणाली. "तो काकूचा चष्मा ओढतो फक्त."

मी दिला. त्यानं चष्मा ओढला. गाडी एका झटक्यात मिटली.

"आज मिटलं वाटतं कपाट," ड्रायव्हर म्हणाला आणि बस सोडली.

त्यानंतर मी रोज त्या बसनं जातो. महिना संपत आला तेव्हा ताई न सांगता सकाळी आल्या आणि आमच्याबरोबर बसमध्ये चढल्या. त्या दिवशी मधली जागा रिकामी होती, गाडी तिथं लावून मी बोक्याला घेऊन बसलो होतो. पुढच्या थांब्यावर एक नवी, बावरलेली आई चढली, तोवर जागा भरली होती. मी हात पुढे केले. ती घुटमळली. "द्या," मी म्हणालो, "मी सुतार आहे, पाडत नाही काही." एका मांडीवर बोका, एका मांडीवर तिची मुलगी. बोक्यानं तिच्या हातातलं बिस्किट बघितलं आणि मी ते वेळेवर वर धरलं.

ताई बघत होत्या. उतरताना म्हणाल्या, "शनिवारी आणा मुलांना. जेवायला. राहायला नाही म्हणत मी."

"येतो," मी म्हणालो.

शनिवारी आम्ही गेलो. आता दर शनिवारी जातो.

बायकोच्या आईकडे, मुलांच्या आजीकडे, मात्र त्यांना अजून नेलेलं नाही. तिथं जायला दोन बस बदलाव्या लागतात, आणि त्या बसमध्ये बोक्याला ओळखणारं अजून कुणी नाही.