बाहीचं प्रकरण

लेकीने फोन करून विचारलं, "बाबा, आईचं बाहीचं प्रकरण कुठे आहे?" ते हरवलंय हे त्या दिवशी आम्हाला कळलं.

"तिथेच असेल की. कॉलरच्या पुढे."

"कॉलरपाशीच संपतंय. पुढे कोरं आहे."

नीट बघ म्हटलं. बायकोने ते माझ्यादेखत लिहिलं होतं. तिचा शिवणवर्ग होता. ती आजारी पडल्यावर तो लेक चालवायला लागली. शिकवायचं ते सगळं बायको एका वेबसाइटवर लिहायची, म्हणजे लेकीला तिच्या घरी वाचता येई. शेवटी शेवटी तिला उशीला टेकूनच बसता यायचं. चार ओळी लिहायची, डोळे मिटून पडायची, पुन्हा लिहायची. मी डोकावलो की म्हणायची, "तुम्हाला साधं बटण लावता येत नाही, तुम्ही काय तपासताय?" बाही लिहून झाली तेव्हा म्हणाली, "सुटले बाई." पुढे तिने काही लिहिलं नाही. ती गेली, घर माणसांनी भरलं, आणि कोणीतरी लॅपटॉप बंद करून कपाटावर ठेवला.

वेबसाइटवाल्यांना फोन लावला. माणूस भला होता. शोधून म्हणाला, "काका, कॉलरनंतर संपर्क तुटला होता. पुढचं सगळं फक्त त्यांच्या पडद्यावर होतं, आमच्याकडे पोचलंच नाही. लॅपटॉप बंद झाला तेव्हा तेही गेलं."

"मग तिला सांगायचं नाही का?"

"तशी सोय नव्हती."

"अहो, कळलं असतं तर तिने मला तोंडी सांगितलं असतं. अंगात होतं नव्हतं ते बळ तिने त्यात घातलं."

"खरं आहे, काका. आता करतोय ते."

त्यांनी केलं. लेकीने येऊन इंटरनेट बंद करून दाखवलं. वर लाल पट्टी आली: 'संपर्क तुटला आहे. तुम्ही लिहिलेलं जतन होत नाही.' मी ती बराच वेळ वाचत बसलो.

माणसाचे दोन खांदे सारखे नसतात, असं बायकोचं म्हणणं. म्हणून ती दोन्ही बाह्या वेगवेगळ्या कापायची. माझा उजवा खांदा उतरलेला आहे, पण तिने शिवलेला शर्ट घातला की कोणाच्या लक्षात येत नाही. लेक म्हणाली, "एक शर्ट द्या, उसवून बघते." मी दिला. तिने उजवी बाही सोडवली, टेबलावर पसरली, मापं घेतली.

"कुठे कापलंय ते दिसतंय, बाबा. तिथेच का कापलं, ते कळत नाही."

"तिला विचारलं नव्हतंस?"

"विचारलं होतं. लिहितेय, वाच म्हणाली."

वर्गातल्या मुली कॉलरपर्यंत शिकून थांबल्या आहेत. माझ्या शर्टाची बाही अजून जोडलेली नाही, आणि बाहीचं प्रकरण लिहायचं राहिलं आहे.