मेणावरचा अंगठा

वैशाखातली मिरज. आभाळ तापून पांढरं, कडुलिंबाची सावली आखडून बुंध्याशी बसलेली, आणि पत्र्याच्या छपरांवर ऊन नुसतं थयथय नाचणारं. त्या सुवर्णदग्ध दुपारी सदानंद आवळे मास्तरांच्या माडीवर मात्र निराळाच प्रकाश नांदत होता. मंद, मलिन, मधाळ. जुन्या पितळेचा प्रकाश.

भिंतीभर वाद्यं. कर्णे, तुताऱ्या, वळसेदार युफोनियम. संस्थानं गेली, वराती गेल्या, वाजवणारे ओठ मातीत गेले, आणि ही मौनव्रती मंडळी तेवढी मागं उरली. मास्तरांचा हट्ट एकच, आलं तसं ठेवायचं. चिंच लावायची नाही, पॉलिश करायचं नाही, पोचा काढायचा नाही. हे काळवंडलेपण म्हणजेच त्यांचं आयुष्य, ते पुसणारे आपण कोण? येईल त्याला हे ऐकावंच लागे.

त्या साऱ्यांत एक कॉर्नेट म्हणजे त्यांचा जीव की प्राण. सासऱ्यांचं. गणपत वायदंडे वरातीपुढं ते वाजवत, आणि मिसरूड फुटलेले सदानंद मागं झांजा घेऊन चालत. तिथंच त्यांना हौसा दिसली, आणि तिथंच सोयरीक जुळली. कॉर्नेटच्या नळीला बारीक चीर होती. लगीनसराईत ती डाग देऊन सांधायला सवड कुठली? सासऱ्यांनी मेणाचा गोळा अंगठ्यानं दाबून बसवला आणि तसंच वाजवत राहिले. त्या श्यामल मेणावर अंगठ्याच्या रेषा अजून होत्या. मास्तर भिंग लावून त्या बघत. कुणाला सांगत नसत, बायकोलाही नाही. खिशात चिंच लपवणाऱ्या पोरासारखे ते त्याबाबतीत पक्के चिक्कू होते.

पण कॉर्नेट मुकं होतं. कळा कळकून गच्च बसल्या होत्या, आणि मास्तर त्यांना हात लावू देत नव्हते.

त्या दुपारी हौसाबाई धापा टाकत माडी चढून आल्या.

"अहो, माझ्या बापूचं कॉर्नेट वाजतं करून आणा."

"हौसा, मूळ रूप जाईल गं त्याचं."

"ऱ्हाऊ द्या तुमचं मूळ रूप! बापूचा आवाज इसरत चाललेय मी. काल कांदा चिरता चिरता आठवाय बसले, तर आठवंचना."

मास्तर कॉर्नेट मांडीवर घेऊन बसले. ऊन सरकलं, पितळ विझत गेलं, माडीवर सावल्या उतरल्या. कळा सुटल्या तरी वाळलेल्या मेणातून हवा गळणार, चिरेला डाग द्यावाच लागणार. डाग द्यायचा म्हणजे आग आली, आणि आगीपुढं मेण ते काय टिकणार? अंगठा ठेवावा, तर आवाज नाही. आवाज आणावा, तर अंगठा नाही. हिला सांगावं? सांगितलं तर बिचारी दोहोंमधे लोंबकळत राहील. त्यापेक्षा हे दुःख आपल्या एकट्याच्या पदरी असू दे. मास्तरांना अगदी रडू कोसळायच्या बेतात होतं.

दुसऱ्या दिवशी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या यासीनभाईंच्या दुकानात निळी ज्योत पेटली. ती नीलशिखा नळीवरून फिरली, मेण पाझरलं, एक काळा थेंब फरशीवर टपकला आणि थिजला. मास्तरांनी मान फिरवली.

दिवस कलताना कॉर्नेट घरी आलं. पिवळंधमक, लखलखीत, नवऱ्या मुलासारखं नटलेलं. मास्तरांनी ओठाला लावलं आणि वरातीची जुनी चाल धरली. सूर उठला, माडीभर पसरला, खिडकीतून संध्येच्या केशरी उन्हात गेला. हौसाबाईंचा चेहरा उजळला, अगं बाई म्हणून त्यांनी हात जोडले. आणि मग तो चेहरा हळूहळू उतरला.

"आवाज त्योच हाय. पन वारा कुठं गेला?"

"कसला वारा?"

"बापू पारावर वाजवाय बसायचा, मी त्याच्या मांडीत. उन्हानं मेण सैल व्हायचं. मग फटीतनं फुंकर यायची, हितं, माझ्या गालाला." बोलता बोलता त्यांची बोटं नळीवर चाचपू लागली. "मेण कुठं हाय? बापूचा अंगठा हुता त्येच्यावर."

मास्तरांनी कॉर्नेट मांडीवर उतरवलं. "तुला ठाऊक होतं?"

"मला ठाऊक नसंल व्हय? तुम्ही बाजाराला गेलासा की माझा अंगठा हळूच टेकवून बघायची. तुमास्नी कशाला सांगू, वाद्याला हात लावला म्हणून वरडला असता. मला वाटलं, मेण तसंच ठिवून वाजतं करत्यात."

दोघांनी एकच ठेव जपली होती, एकमेकांपासून लपवून.

"वाजवा," हौसाबाई म्हणाल्या. त्या त्यांच्या गुडघ्याशी येऊन बसल्या, डोळे मिटले, आणि गाल नळीच्या त्याच जागेपाशी नेला.

मास्तरांनी छातीतला सगळा श्वास ओतला. सूर आला, अखंड, निर्दोष, निखळ सोन्याचा. खाली रस्त्यावर माणसं थबकली. आणि हौसाबाईंच्या गालावरची पांढरी बट जागची हलली नाही.