क्लॅरीची कंबर

"ढुंगण मागे! पत्र्याला टेकलं पाहिजे!" मी ओरडले.

गोल्फ क्लबाच्या शेडचा पत्रा धाडकन वाजला.

"टेकलं," क्लॅरी म्हणाला. "आता काय, फोटो काढतेस?"

"पाठ सरळ. खुब्यातून वाक. गुडघे सैल, हात नुसते लोंबू देत."

"मर्ल, चाळीस वर्षं मेंढ्यांवर वाकलोय मी. ही पाठ माझं ऐकत नाही, तुझं काय ऐकणार?"

"माझं अख्खं गाव ऐकतं. तुझी पाठ कोण लागून गेली?"

क्लॅरी हॉस्किंगनं उभा जन्म लोकर कातरण्यात घालवला. पाठीला बाक, सगळा भार चवड्यांवर. असं उभं राहून मारलेला बॉल एकदा डावीकडच्या निलगिरीत जाई, एकदा उजवीकडे कुंपणापार. पण आमच्यात खेळणारा डग मुलीकडे शहरात राहायला गेला आणि आमच्या संघाला चौथा माणूस हाच उरला. यंदा एकही सामना जिंकला नाही तर जिल्ह्याच्या स्पर्धेतून आमचं नाव कायमचं कमी होणार होतं. गावातली शाळा गेली, बँक गेली. हेही जाऊ द्यायला मी तयार नव्हते, म्हणून सहा आठवडे रोज सकाळी त्याला पत्र्याशी उभं केलं.

शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. आम्हा तिघांपैकी दोघं जिंकलो, एक हरला. क्लॅरीनं बरोबरी साधली तरी पुरे होतं. त्याच्यासमोर तिशीतला एक शाळामास्तर होता. माझा खेळ संपताच मी क्लॅरीच्या मागे चालू लागले.

बॉल सरळ जात होते, एकामागून एक. पण चौदाव्या होलला पाठीच्या कळेनं त्याचा चेहरा पांढरा पडलेला दिसला.

"क्लॅरी, सोड ते. जुन्या पद्धतीनं मार."

"गप्प बस. सहा आठवडे पत्र्याला ढुंगण घासलं ते उगीच?"

नवऱ्यानंतर मला गप्प बसवणारा हाच पहिला.

अठराव्याला दोघं बरोबरीत होते. क्लॅरीनं पाय रोवले, खुब्यातून वाकला आणि एक खोल श्वास घेतला. बॉल मैदानाच्या मधोमध पडला. दुसऱ्या फटक्यात होलभोवतीच्या वाळूवर आला (आमच्याकडे तिथं हिरवळ नाही, तेल घातलेली वाळू असते), आणखी दोन फटक्यांत होलमध्ये गेला. मास्तरलाही चारच लागले. बरोबरी झाली, म्हणजे सामना आमचा.

संघातले बाकीचे दोघं शेडपाशी शिट्ट्या मारू लागले. क्लॅरी मात्र जागचा हलला नाही.

"मर्ल," तो हळूच म्हणाला, "बॉल तू काढ. मला वाकता येत नाहीये."

मी खाली बसून बॉल काढला, त्याची तेलकट वाळू स्कर्टला पुसली आणि तो त्याच्या हातात दिला. माझे डोळे भरून आले होते, ते त्याला दिसू दिले नाहीत.

मास्तर हात पुढे करून आला. क्लॅरीनं टोपी काढली आणि ताठ उभ्यानंच त्याच्याशी हात मिळवला.