टाकीच्या झाकणावरचा रंग

मित्रांनो, वयाने मी आता आजीच झाले आहे. माझ्या बरोबरीच्या स्कूटर केव्हाच भंगारात गेल्या. मी मात्र अजून रोज सकाळी रस्त्यावर असते. मध्यंतरी माझ्यावरही तीच पाळी आली होती. ती कशी टळली, ते तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रे वाकवून, ठोकून, जोडून मला आकार आला. पहिली किक बसली तेव्हा मी इतक्या जोरात खोकले, की शेजारच्या कामगाराच्या हातातला पाना खाली पडला. तिथून मी दुकानात आले. त्या दुकानाची पाटी रंगवायला एक पेंटर आले होते. शिडीवरून ते सारखे माझ्याकडे वळून बघत. पाटी पूर्ण झाली आणि त्यांनी मला घरीच नेले. हेच आमचे पेंटरकाका.

काकांबरोबर मी सारे शहर पालथे घातले. पायाशी रंगाचे डबे, हँडलला ब्रशांची पिशवी आणि मागच्या सीटवर शिडी घेतलेल्या काकू. शिडीच्या दोन पायऱ्यांमधून डोके बाहेर काढून काकू अशा ऐटीत बसत, की येणारेजाणारे थांबून बघत. काकांचा हात तर काय सांगू! केसाएवढी बारीक रेघ ते एका दमात ओढत. काम झाले की मला फडक्याने पुसत आणि म्हणत, "अर्धी पाटी हिने रंगवली."

पुढे पाट्या यंत्रावर छापून येऊ लागल्या आणि काकांचे काम कमी झाले. तेव्हा काकूंनी पदर खोचला. जवळच्या दवाखान्यातल्या रुग्णांच्या नातेवाइकांना त्या जेवणाचे डबे देऊ लागल्या. डबे पोचवायचे काम काकांकडे आणि माझ्याकडे आले. माझ्या अंगाला टर्पेंटाइनऐवजी फोडणीचा वास येऊ लागला. मला काही त्याचे वाईट वाटले नाही.

मग एके दिवशी काकांनी माझी किल्ली खिळ्याला अडकवली, ती अडकवलीच. कोणी विचारले तर म्हणत, "कंटाळा आला बुवा." मी जिन्याखाली उभी राहिले. अंगावर धूळ बसली, सीटवर मांजर झोपू लागले. काकू दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पायी डबे पोचवत, आणि उन्हातून परत आल्या की जिन्यापाशी क्षणभर थांबून माझ्याकडे बघत.

शेवटी त्याच म्हणाल्या, "तुम्हाला कंटाळा आलाय ना? मग मला शिकवा."

काकांचा चेहरा असा उजळला, जणू डोक्यावरचे ओझे उतरले. तुला शिकवतो, आणि गाडी नवीकोरी करून देतो, असे त्यांनी कबूल केले. मग माझा एकेक भाग सुटा करून त्यांनी मला गडद हिरवा रंग दिला. जे दिसत नाही तेही नीटच रंगवले पाहिजे, असा त्यांचा बाणा. म्हणून सीटखालचे पेट्रोलच्या टाकीचे झाकणसुद्धा त्यांनी आतून बाहेरून रंगवले.

इथेच घोटाळा झाला. मित्रांनो, त्या झाकणाला सुईच्या टोकाएवढे एक छिद्र असते. पेट्रोल जसे खाली उतरते, तशी त्या छिद्रातून हवा आत येते. हवा आली नाही, तर पेट्रोलही खाली उतरत नाही. काकांच्या रंगाने ते छिद्र बुजले. इतक्या बारकाईने काम करणारा माणूस, त्याला ते कसे दिसले नाही, याचे मलाही नवल वाटले.

काकू शिकल्या झपाट्याने. पण आता मीच दगा देऊ लागले. थोडे अंतर गेले की माझ्या घशाला कोरड पडे, मी दोन आचके देई आणि बंद. मग किक मारून मारून काकूंचा जीव मेटाकुटीला येई.

शेजारचे ड्रिलमास्तर धावून आले. पेट्रोल आहे का, हे बघायला त्यांनी आधी झाकण उघडले, पुन्हा लावले. मग मला एका कुशीवर पार आडवी केली, सरळ केली आणि किक मारली. मी सुरू! मास्तरांनी मिशीवर हात फिरवला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा अडले. काकांनी झाकण उघडून पेट्रोल पाहिले, मग प्लग काढून त्याची काजळी घासली. मी सुरू! पुढे गॅरेजवाल्याने कार्बोरेटर खोलून फुंकला. त्यानेही आधी झाकण उघडलेच होते. "ठणठणीत आहे गाडी," तो म्हणाला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, तसा हा प्रकार. झाकण उघडताच आत हवा शिरे आणि मी सुरू होई. पण मान मिळे तो कावळ्याला. मी मनातल्या मनात ओरडत होते, पण ऐकणार कोण?

काकूंची लायसन्सची परीक्षा आली. मैदानात चुन्याने आठचा आकडा आखला होता. पाय न टेकता त्यावरून जायचे. काकू पहिल्या वळणावर सुरेख वळल्या, आणि नेमकी दुसऱ्या वळणावर मी आचका दिला. काकूंचा पाय टेकला. परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, "पुढच्या आठवड्यात या. येताना गाडी बरी आणा."

घरी येईपर्यंत काकू मला ढकलत होत्या. काकांनी परस्पर भंगारवाल्याला निरोप धाडला. गाडी म्हातारी झाली, उगाच तुझा जीव नको काढायला, असे ते काकूंना सांगत होते. जिन्याखालून मी सारे ऐकले. माझ्या पत्र्याला कापरे भरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी तेलाचा नवा डबा काढला. हातोडीने खिळा ठोकून एक भोक पाडले आणि डबा कलता केला. तेल गळले, गुटगुट वाजले आणि थांबले. काकूंनी समोरच्या कोपऱ्यात दुसरे भोक पाडले. तेलाची कशी सरळ धार लागली! काकू त्या धारेकडे बघत राहिल्या. मग हातोडी तशीच हातात घेऊन माझ्याकडे आल्या. मला वाटले, भरली माझी घटका.

पण त्यांनी झाकण उघडले. फुस्स! त्यांनी ते उजेडात धरले, फुंकून पाहिले. मग घरातून बारीक सुई आणून टोचली. हिरव्या रंगाची एवढीशी खपली खाली पडली. झाकण लावून त्यांनी किक मारली आणि मला गल्लीत इतक्या फेऱ्या मारायला लावल्या, की ड्रिलमास्तर मोजायला बाहेर आले. मी एकदाही अडले नाही.

मग त्यांनी काकांना हाक मारली आणि झाकण त्यांच्या हातात दिले. "अहो, हे रंगवताना इथलं छिद्र दिसलं नाही तुम्हाला?"

काकांनी झाकण नाकाशी नेले, लांब धरले, फिरवले. "कुठे आहे छिद्र?"

काकूंनी त्यांचे बोट धरून छिद्रावर टेकवले. मग काकूंनी हळूच विचारले, "केव्हापासून?"

"पाट्या बंद झाल्या त्याच सुमारास," काका म्हणाले. "सगळं धुक्यात असल्यासारखं दिसतं. एकदा गाडीपुढे एक म्हातारा आला, तो अगदी जवळ आल्यावर कळला मला. त्या दिवशी किल्ली ठेवून दिली. पेंटरला दिसत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?"

काकू पायरीवर बसल्या. "आणि मी समजत होते, तुम्हाला माझ्या डब्यांचाच कंटाळा आला."

काकाही त्यांच्या शेजारी बसले. नंतर भंगारवाला आला. काकूंनी त्याला तेलाचे रिकामे डबे दिले, चहा पाजला आणि वाटेला लावले.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघींनी तो आठचा आकडा असा काढला, की साहेबांनी मान डोलावली. लायसन्स हातात पडल्यावर काकूंची पहिली फेरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. मागे काका, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, घाबरण्यासारखे काही नाही. शस्त्रक्रिया झाली, पट्टी निघाली. काका घरी येऊन माझ्याभोवती हिंडले आणि स्वतःचे काम बघून मनापासून हसले. म्हणाले, "अगं, हिच्यावर ओघळ किती आलेत! अशी गाडी घेऊन तू परीक्षेला गेलीस?" आता ते मांडीवर डबे घेऊन मागे बसतात आणि प्रत्येक वळणावर काकूंना ब्रेक दाबायला सांगतात. काकू ऐकत नाहीत.

मित्रांनो, मला तोंड नाही. काही बिघडले तर आचके द्यायचे आणि बंद पडायचे, एवढेच मला जमते. म्हणून तुमची गाडी सुरू होत नसेल, तर तिला लाथा घालण्याआधी जरा कान देऊन ऐका. ती अगोदर केव्हा बरी चालत होती आणि नंतर आपण तिचे काय केले, ते आठवा. पण माणसांचे काय म्हणावे? त्यांना चांगले तोंड असते, तरी ती 'कंटाळा आला' म्हणून गप्प बसतात. तुमच्या घरी कोणी आवडीचे काम एकाएकी सोडून दिले, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि काय झाले ते विचारा. उत्तर मिळाले नाही, तर थोड्या वेळाने पुन्हा विचारा. मी तरी कुठे नेहमी एका किकमध्ये सुरू होते?